मातीने राखलेला धागा आणि आपल्या पेटीतील वस्त्र

कापसाची पारख करणारा व्यापारी मूठभर रुई घेतो, तिचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो आणि तंतू किती लांब व किती बळकट आहे हे पाहता पाहता सांगतो. वणीच्या बाजारपेठेत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. इंग्रजी अमदानीत आजच्या यवतमाळ जिल्ह्याची ओळखच मुळी ‘वणी जिल्हा’ अशी होती. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. वऱ्हाडातील काळ्या जमिनीतून निघालेल्या कापसाने येथील कित्येक जैन घराण्यांच्या पेढ्या उभ्या केल्या. कापूस, सरकी, रुई, गाठी हे शब्द आपल्या मुलांच्या कानांवर मुळाक्षरांच्याही आधी पडतात. मात्र ज्या धाग्यावर आपला संसार उभा राहिला, तो धागा मनुष्याच्या हाती केव्हा आला, तो किती काळ टिकतो आणि कशाने टिकतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करण्यासाठी प्रथम आपल्याच महाराष्ट्रातील एका लहान मुलाच्या गळ्यातील हाराकडे पाहिले पाहिजे.

नेवाशाचा हार

प्रवरेच्या काठचे नेवासे ज्ञानेश्वरांच्या नावाने सर्वांना परिचित आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक हसमुख धीरजलाल सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. वरच्या थरांत मध्ययुगीन आणि सातवाहनकालीन वस्ती लागली. खाली खोल गेल्यावर ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उघडी पडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी साधारण १५०० ते १००० वर्षांचा. हे लोक मातीची घरे बांधीत, धान्य पिकवीत, गुरे पाळीत आणि रंगीत नक्षीची भांडी घडवीत.

या लोकांची एक रीत मनाला चटका लावणारी आहे. घरातील लहान मूल दगावले, तर ते त्याला गावाबाहेर नेत नसत. मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत मुलाचा देह ठेवून ते घराच्या जमिनीखालीच पुरीत. जणू आईला आपले मूल उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नव्हते. अशाच एका दफनात मुलाच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांचा हार सापडला. मणी तर होतेच. पण आश्चर्य असे की, मणी ज्या दोऱ्यात ओवले होते त्या दोऱ्याचे अवशेषही टिकून होते.

तो दोरा मुंबईच्या माटुंगा भागातील कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेत तपासणीस गेला. ही प्रयोगशाळा १९२४ साली स्थापन झाली, ती कापसाची प्रत ठरवण्यासाठी, म्हणजे आपल्याच व्यवसायाच्या सेवेसाठी. तेथील शास्त्रज्ञ ए. एन. गुलाटी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले की, या दोऱ्यात रेशीम आहे आणि त्याच्या जोडीला कापूसही आहे. आजपासून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी कोणीतरी कापूस आणि रेशीम एकत्र आणून धागा काढला होता आणि तो आपल्या मुलाच्या गळ्यात घातला होता.

पुढे १९६०-६१ मध्ये पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी चांदोली येथे शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी उत्खनन केले. तेथेही तांब्याचे मणी मिळाले. ते ज्या दोऱ्यात ओवले होते, तो जवसाच्या झाडाच्या सालीपासून काढलेला निघाला. विदर्भात जवस म्हटले की आपल्याला तेल आणि चटणी आठवते. त्याच कुळातील झाडाच्या खोडापासून निघणाऱ्या तंतूंचे कापड आज ‘लिनन’ या नावाने आपल्याच दुकानांत चढ्या भावाने विकले जाते.

तांब्याची राखण

कापड मातीत पुरले की ते नाहीसे होते, हा आपला नेहमीचा अनुभव. ओल, बुरशी आणि सूक्ष्म जीव काही पावसाळ्यांतच त्याचा फडशा पाडतात. विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड अशा ठिकाणी मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ती लोहयुगीन माणसांची स्मशाने. जुनापाणीची वर्तुळे १८६०च्या दशकात प्रथम खोदणारा अधिकारी रिव्हेट-कारनॅक हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांचा कापूस आयुक्त होता, हा एक विलक्षण योगायोग. अशा वर्तुळांखाली लोखंडाची हत्यारे मिळाली, काळी-तांबडी भांडी मिळाली, माहुरझरीला घोड्याच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. पण ज्या वस्त्रांत त्या माणसांना निरोप दिला गेला असेल, ती वस्त्रे काळ्या मातीने पोटात घेतली.

मग नेवाशाचा दोरा का उरला? त्याचे उत्तर तांब्यात आहे. ओलाव्याने तांबे गंजते आणि त्याचे क्षार जवळच्या तंतूंत झिरपतात. हे क्षार सूक्ष्म जीवांना मारक असतात. त्यामुळे तंतू कुजत नाहीत. कधीकधी तर तंतूच्या जागी धातूचे क्षारच भरून राहतात आणि धाग्याचा हुबेहूब साचा शिल्लक राहतो. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे एका दफनात तांब्याच्या मण्याच्या आत कापसाचे तंतू सापडले. ते इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकातील आहेत. मोहेंजोदडो येथे १९२०च्या दशकात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला. तोही धातूच्या सान्निध्यामुळेच वाचला. त्याची तपासणी करणाऱ्यांतही माटुंग्याचे गुलाटीच होते. हडप्पा आणि चन्हुदडो येथील अलंकारांत व मण्यांत रानटी रेशमाचे तंतू आढळल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे भारतीय वस्त्राचा प्राचीन इतिहास आपल्याला थानांनी मिळालेला नाही. तो चिमूटभर तंतूंवर वाचावा लागतो. जेथे निसर्गाने हात आखडता घेतला नाही, तेथे काय शिल्लक राहू शकते हे पाहायचे असेल, तर पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला जावे लागेल.

पाराकासचे वाळवंट

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर पाराकास नावाचे द्वीपकल्प आहे. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. १९२७ साली पेरूचे पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेल्यो आणि त्यांचे सहकारी तोरिबिओ मेहिया यांना तेथील वाळूत एक मोठी दफनभूमी सापडली. तिच्यातून ४२९ गाठोडी निघाली. प्रत्येक गाठोड्यात एक मृतदेह, गुडघे छातीशी घेतलेल्या स्थितीत बसवलेला आणि वस्त्रांच्या थरांत गुंडाळलेला. ही दफने साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. आपल्याकडे सातवाहनांचे राज्य उदयास येत होते, त्या सुमाराची.

लहान गाठोड्यांत एखाददुसरेच साधे वस्त्र असे, मोठ्यांत डझनावारी. सर्वांत बाहेर साध्या सुती कापडाची मोठमोठी आच्छादने. आत शाली, अंगरखे, शिरोवेष्टने, कमरेची वस्त्रे आणि त्यांवर भरतकाम. अँडीज पर्वतातील अल्पाका या उंटवर्गीय प्राण्याची लोकर रंगवून तिने हे भरतकाम केलेले आहे. टाका बहुतेक ठिकाणी एकच, आपल्या मुली शाळेत शिकतात तो देठाचा टाका. त्या एका टाक्याने पक्षी, मासे, मुखवटे घातलेले पुरुष, हवेत तरंगणाऱ्या आकृती भरल्या आहेत. एकच आकृती शालीवर ओळीने पुन्हा पुन्हा येते, पण प्रत्येक वेळी तिचे रंग बदललेले असतात. काही वस्त्रे अर्धवट राहिलेली आहेत. भरणाऱ्यांचे हात थांबले, कारण मृत्यू त्यांच्या कामासाठी थांबला नाही.

रंगही पाहण्यासारखे आहेत. निळा रंग निळीचा. पेरूच्या किनाऱ्यावर वाका प्रिएता येथे निळीने रंगवलेले सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे सुती कापड मिळाले आहे. पाराकासचा लाल रंग एका झाडाच्या मुळांपासून काढलेला. ते झाड आपल्या मंजिष्ठाच्या आणि आलाच्या कुळातील. दोन खंडांतील माणसांची कधी भेट झाली नव्हती, तरी दोघांनीही एकाच जातीच्या मुळांत लाल रंग शोधला आणि एकाच जातीच्या पानांत निळा.

दोन खंडांचा कापूस

कापसाच्या बाबतीतही असेच घडले. माणसाने जगात कापसाच्या चार जाती शेतात आणल्या. दोन जुन्या जगातल्या; आपला गावरान, आखूड धाग्याचा देशी कापूस त्यांपैकी एक. दोन अमेरिका खंडातल्या. त्यांपैकी एक पेरूच्या बाजूची, लांब धाग्याची आणि दुसरी मेक्सिकोच्या बाजूची. पाराकासची आच्छादने पेरूच्या कापसाची आहेत. आज यवतमाळ जिल्ह्यातील पऱ्हाटीच्या शेतांत बहुतांशी दिसतो तो संकरित, २००२ नंतर बीटी होऊन आलेला कापूस मेक्सिकोकडील जातीचा आहे. नेवाशाच्या मुलाच्या गळ्यातला कापूस जुन्या जगाचा होता; वणीच्या जिनिंगमध्ये आज दाबल्या जाणाऱ्या १७० किलोंच्या गाठींत मात्र बहुतांश पेरूच्या कापसाचा सख्खा भाऊ असतो. ज्या मालाचे आपण रोज भाव करतो, त्याचे गोत्र इतके दूरचे आहे.

बोंडज आणि कीटज

येथे जैन वाचकाला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अनुयोगद्वार सूत्रात ‘सूत्र’ या शब्दाचा विचार करताना आगमकारांनी त्याचा ‘धागा’ हा अर्थही घेतला आणि धाग्याचे पाच प्रकार सांगितले: अंडज, बोंडज, कीटज, वालज आणि वल्कज. कीटज म्हणजे किड्यापासून झालेला. त्याचे पुन्हा पाच प्रकार असून त्यांत पट्ट आणि चीनांशुक ही रेशमांची नावे येतात. वालज म्हणजे केसांचा, लोकरीचा. वल्कज म्हणजे सालीचा. आणि बोंडज म्हणजे कापसाचा. हा अर्धमागधीतला ‘बोंड’ शब्द आपल्या शेतात, आपल्या बाजारात, आपल्या तोंडी आजही जसाच्या तसा आहे. संस्कृतातील ‘कर्पास’ विद्वानांच्या ग्रंथांत राहिला. ‘बोंड’ मात्र वणीच्या शेतकऱ्याने जपला.

या वर्गीकरणाकडे पाहून नेवाशाचा दोरा आठवावा. त्यात बोंडज आणि कीटज एकत्र आले आहेत. चांदोलीचा दोरा वल्कज. पाराकासच्या शालीत बोंडज आणि वालज यांचा संगम. पुरातत्त्वज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली जे वेगळे करतात, ते आपल्या आचार्यांनी धाग्याच्या उगमावरून वेगळे केले होते. त्यामागे केवळ कुतूहल नव्हते. धागा कोठून आला, हे ठाऊक असल्याशिवाय तो वापरावा की नाही, हे ठरवता येत नाही. रेशमाचा अखंड तंतू हवा असेल, तर कोश आतल्या जीवासह वाफेत वा उकळत्या पाण्यात घालावा लागतो. एका साडीसाठी असे हजारो कोश लागतात. पूजेसाठी रेशीम शुद्ध मानण्याची रूढी एकीकडे आणि अहिंसेचे व्रत दुसरीकडे, अशी ओढाताण अनेक घरांत आज होते. काही कुटुंबांनी पूजेची वस्त्रे सुती केली आहेत, काहींनी फुलपाखरू बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांचे रेशीम स्वीकारले आहे. निर्णय ज्याचा त्याने करावा. पण धाग्याची जात विचारण्याची सवय ही आपल्या परंपरेचीच देणगी आहे, हे विसरू नये.

चोरीला गेलेली वस्त्रे

पाराकासची कथा येथेच संपत नाही. १९३०च्या दशकाच्या आरंभी तेथील दफने चोरट्यांनी लुटली. सुमारे शंभर वस्त्रे चोरवाटेने स्वीडनमध्ये पोहोचली आणि गॉथेनबर्ग शहराच्या संग्रहात दाखल झाली. अनेक दशके ती तेथे सांभाळली गेली, अभ्यासली गेली; पण ती ज्यांची होती त्यांच्याकडे नव्हती. अखेर शहराने ती परत करण्याचे मान्य केले. २०१४ साली पहिली चार वस्त्रे पेरूला परतली आणि पुढील काळात टप्प्याटप्प्याने इतरही गेली. दोन हजार वर्षांचे धागे प्रवासातील हादऱ्यांनी तुटतील, ही भीती सर्वांत मोठी होती.

व्यापारी समाजाने या घटनेकडे विशेष लक्ष द्यावे. अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे हा एक दोष सांगितला आहे. जुनी वस्तू विकत घेताना ‘ही आली कोठून’ हा प्रश्न भावाच्या आधी विचारायचा असतो. आपल्या देशातही १९७२चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी नेण्याची मुभा खासगी व्यक्तीला नाही. अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलासाठी आजेसासूबाईंचे जुने भरतकाम बॅगेत घालण्यापूर्वी त्याचे वय मोजावे.

आपल्या पेटीत काय आहे?

आता आपल्या घरांकडे वळू. मंदिरमार्गी कुटुंबांत उपधान, ओळी, वीसस्थानक अशा तपांच्या उजमण्यात मखमलीवर जरीने भरलेले छोड करण्याची परंपरा आहे. चौदा स्वप्ने, अष्टमंगल, सिद्धचक्र, समवसरण असे विषय त्यांवर असतात. चंदरवे, तोरणे, साधु-साध्वींच्या ओघ्यासाठी भरलेली अष्टमंगलाची वस्त्रे ही त्याच हातांची कामे. दिगंबर घरांत शास्त्राची वेष्टने असतात. हस्तलिखित ग्रंथ ज्यात गुंडाळला जाई ते कापड कित्येकदा घरातील स्त्रीच्या शालूचे असे. मारवाडातून वऱ्हाडात आलेल्या घरांत जुने पोमचे, चुनड्या, गोटा लावलेली लुगडी पेटीच्या तळाशी पडून असतात.

आणि दर वर्षी त्यांतील काही नष्ट होतात. गल्लीत हाक येते, ‘जुनी जर देता का?’ साडी वजनावर घेतली जाते, पुढे ती जाळून तिच्यातली चांदी काढली जाते. मिळालेल्या पैशांत एखादे स्टीलचे भांडे येते. आपल्या पणजीने लग्नात नेसलेले वस्त्र, महिनोन्‌महिने कोणीतरी डोळ्यांत तेल घालून भरलेला छोड, तासाभरात चांदीची गोळी होतो. वजनकाटा रोज हाताळणाऱ्या आपण हे समजून घेतले पाहिजे की, काटा चांदी मोजतो. टाके मोजत नाही.

याउलट उदाहरणही आपल्याच समाजातील आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलचे मालक साराभाई हे जैन घराणे. यंत्रावर लाखो वार कापड विणणाऱ्या या घराण्यातील गौतम साराभाई आणि गिरा साराभाई या बंधू-भगिनींनी १९४९ साली हातमागाच्या, हातभरतीच्या जुन्या वस्त्रांचे कॅलिको संग्रहालय उभे केले. आज भारतीय वस्त्रांच्या अभ्यासासाठी जगभरातून लोक तेथे येतात. ज्या व्यवसायाने हातमागाला मागे टाकले, त्याच व्यवसायातील माणसांनी त्याची आठवण जपली. हे व्यापारी माणसाचे कर्तव्यभान आहे.

कोणी म्हणेल, अपरिग्रहाचे व्रत सांगणाऱ्यांनी जुन्या वस्त्रांचा मोह का धरावा? प्रश्न योग्य आहे. पण साठवणे आणि सांभाळणे यांत अंतर आहे. साठवणारा ‘माझे’ म्हणतो. सांभाळणारा स्वतःला केवळ विश्वस्त मानतो. घरात जागा नसेल, तर वस्त्र संघाकडे द्यावे, ज्ञानभांडाराला द्यावे, संग्रहालयाला द्यावे. भंगारात मात्र देऊ नये.

जपण्याची रीत

पेरूला कोरडी वाळू मिळाली, नेवाशाला तांबे मिळाले. वणीत चार महिने पाऊस आणि मे महिन्यात होरपळणारे ऊन. येथे वस्त्र टिकेल ते केवळ माणसाच्या काळजीने. त्यासाठी फार खर्च लागत नाही.

जुने वस्त्र प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. आत ओल कोंडते. धुऊन वाळवलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात ते गुंडाळावे. घडी घालण्यापेक्षा कापड गुंडाळलेल्या नळकांड्यावर गोल गुंडाळणे चांगले. घडीच घालावी लागली, तर वर्षातून दोनदा तिची जागा बदलावी, कारण वस्त्र प्रथम फाटते ते घडीवरच. जरीला अत्तर, कुंकू, घामेजलेला हात लागू देऊ नये. तिच्यावर इस्त्री फिरवू नये. छोड भिंतीवर कायम टांगून ठेवू नये. त्याच्याच वजनाने मखमल ताणली जाते आणि उजेडाने रंग उडतो. पावसाळा सरला की सावलीत, वाऱ्यावर वस्त्रे उलगडून ठेवावीत, उन्हात नव्हे. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. कडुनिंबाची वाळलेली पाने आणि लवंगा सुती पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात. कीड लागल्यावर औषध फवारून जीव मारण्यापेक्षा ती लागूच नये अशी स्वच्छता राखणे, हे आपल्या आचारालाही धरून आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे काम कागदाचे आहे. नेवाशाच्या मुलाचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. पाराकासच्या एकाही भरतकाम करणारीचे नाव उरलेले नाही. आपल्या पेटीतील वस्त्रांबाबत असे होऊ देण्याचे कारण नाही. दिवाळीच्या आधी घरोघरी आवराआवर होते, पेट्या उघडतात, घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया जवळ बसलेल्या असतात. त्याच वेळी हे वस्त्र कोणाचे, कोणत्या प्रसंगाचे, कोणी भरले, कोणत्या गावाहून आले, हे त्यांना विचारावे आणि साध्या कागदावर शिसपेन्सिलीने लिहून ते वस्त्रासोबत ठेवावे. नव्या वर्षाच्या चोपड्यात आपण देण्याघेण्याचा पै-पैचा हिशेब मांडतो; या एका नोंदीलाही तेथे एक पान असावे.